भाडं पाच तारखेला, पैसे नव्वद दिवसांनी

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. लांब आहे, त्यामुळे थोडं आवरून देते.

‘ताई, मी २५ वर्षांची आहे. विक्रोळी पार्कसाइटला भाड्याच्या खोलीत राहतो. बाबा सिक्युरिटीत आहेत, आई चार घरी पोळ्या करते. आजोबा गिरणीत बदली कामगार होते, संपानंतर त्यांनी भाजीची गाडी लावली. मी मास मीडिया करून तीन वर्षं अंधेरीत असिस्टंट एडिटर म्हणून फ्रीलान्स काम करते, दिवसाला १८०० रुपये. एका मालिकेचे ३६ दिवसांचे ६४,८०० रुपये पाच महिने अडकलेत. फोन केला की “चॅनेलकडून आले की देतो” म्हणतात. लॅपटॉपसाठी आईनं गंठण गहाण ठेवलंय, ते अजून सुटलेलं नाही. माझ्याबरोबर लागलेली मुलगी वर्सोव्याला राहते. ती एका डायरेक्टरकडे सहा महिने बिनपगारी बसली आणि आज एडिटर आहे. मलाही आता एका वेबसिरीजवाल्यांनी विचारलंय: दोन महिने काम, पैसे नाहीत, पण नाव देऊ. दुसरीकडे एका विमा कंपनीत ट्रेनिंगचे व्हिडिओ करायची नोकरी मिळतेय. हातात २६ हजार आणि पीएफ. बाबा म्हणतात घे. आमचे एडिटर सर म्हणतात, नोकरीत गेलीस की संपलीस. घरी मी काय काम करते ते सांगता येत नाही, आणि स्टुडिओत माझ्या घरचे काय करतात ते मी सांगत नाही. माझ्यात दम नाही का?’

दमाचा प्रश्न आधी निकालात काढू. तीन वर्षं रात्री दोन-दोन वाजता जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रिक्षा शोधणाऱ्या मुलीचा दम मी काय मोजणार? तुझ्या वर्सोव्याच्या मैत्रिणीकडे तुझ्याहून जास्त आहे ती थांबायची ऐपत. ती सहा महिने बिनपगारी बसली, कारण त्या सहा महिन्यांचं भाडं, वीजबिल आणि रात्रीची गाडी दुसरं कोणीतरी भरत होतं. त्यात तिचा दोष काही नाही. बहुधा कामही ती चांगलंच करत असेल. पण तिच्या वाटेनं तू का गेली नाहीस, असा प्रश्न स्वतःला विचारून रात्री जागवू नकोस. ती वाट तुझ्यासाठी उघडी नव्हतीच.

मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे हा आता रिवाजच होऊन बसलाय. जूनमध्ये केलेलं काम, पैसे सप्टेंबर-ऑक्टोबरात. आले तर. मधल्या काळात निर्मात्याचा गाडा चालतो तो तुझ्या, लाइटवाल्यांच्या आणि स्पॉटदादांच्या पैशांवर. हीच रक्कम त्यानं बँकेकडून उचलली असती तर व्याज भरावं लागलं असतं. तुमच्याकडून ती बिनव्याजी मिळते, वर ‘आपण एक फॅमिली आहोत’ म्हणून पाठीवर थाप. आणि तुमच्या खोलीचा मालक मात्र पाच तारखेला दारात उभा.

आता एक हिशेब करू. तू पत्रात दिवसाचा दर लिहिलास, वर्षाचा आकडा कुठेच लिहिला नाहीस. फ्रीलान्सवाले सगळेच असं करतात, कारण दिवसाचा दर ऐकायला बरा वाटतो. वर्षाला दोनशे दिवस काम मिळालं असं धर. झाले ३ लाख ६० हजार. त्यातून अडकलेले ६४,८०० वजा कर. उरलेल्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, जातो. हातात येतात साधारण २ लाख ६५ हजार, म्हणजे महिन्याला २२ हजारांच्या आसपास. त्यातून रात्रीच्या रिक्षा, नेटपॅक आणि हार्डडिस्क जायची आहेच. माझे दोनशे दिवस चुकीचे असतील. तू बँकेचं गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढ, कामाचे म्हणून जमा झालेले पैसे बेरीज कर, बाराने भाग. आकडा २६ हजारांच्या खाली आला, तर ‘स्वप्न सोडून पगार’ हा बाबांशी चाललेला वाद निम्मा संपला. पगार स्वप्नाहून जास्तच आहे.

त्यामुळे माझं मत सरळ सांगते: नोकरी घे. वेबसिरीजला नाही म्हण.

वेबसिरीजचं आधी. महिन्याला १७ दिवस धरले तरी दोन महिन्यांचे ६१ हजार होतात. ज्या प्रोजेक्टकडे कॅमेऱ्याचं भाडं द्यायला पैसे आहेत, जेवणाचे पैसे आहेत, त्या प्रोजेक्टला तू ६१ हजारांची मदत करावीस असं त्यांचं म्हणणं आहे. कॅमेरा भाड्यानं देणाऱ्याला कोणी ‘नाव देऊ’ म्हणून पाहावं! फुकट काम कधीच करू नये असं मी म्हणत नाही. बरोबरीच्या मित्रांची शॉर्टफिल्म असेल, कोणालाच पैसे मिळत नसतील, तू असिस्टंट नसून एडिटर असशील आणि काम चार-पाच रात्रींत संपणार असेल, तर जरूर कर. त्यातून तुझ्या हाती स्वतःचा कट राहतो. इथे मात्र दोन महिने तू सिंक लावणार (आवाज चित्राशी जुळवणार), बॅकअप घेणार, प्रॉक्सी म्हणजे फुटेजच्या हलक्या फाइली बनवणार, आणि पाटीवर नाव येणार ते ‘असिस्टंट एडिटर’ म्हणूनच. ते तर तुझ्याकडे तीन वर्षांचं आहे.

‘नोकरीत गेलीस की संपलीस’ हे सरांचं वाक्य मला फार वेळ खुपत राहिलं. १८०० रुपयांत रात्री दोनपर्यंत थांबणारी, फाइल कधीही न हरवणारी असिस्टंट गेली तर अडचण कोणाची होते? त्यांना तुझी काळजी नसेल असं नाही, पण त्या काळजीत त्यांची सोयही मिसळलेली आहे.

आपल्या भाषेत पोटासाठी दुसरं काम केलेल्यांची परंपरा तशी मोठी आहे. नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. त्यांची कविता कोणी अर्धवेळ म्हटली नाही. पण हे उदाहरण तुला पूर्ण लागू पडत नाही, आणि ते तुझ्या तोंडावर फेकून मी मोकळी होणार नाही. कवितेला वही पुरते. एडिटरला फुटेज लागतं, मशीन लागतं, आणि मुख्य म्हणजे ज्या खोलीत निर्णय होतात तिथे हजर असावं लागतं. सहा महिने दिसली नाहीस की फोन दुसऱ्याला जातो. सरांच्या वाक्यात तेवढं खरं आहे. म्हणून नोकरी घ्यायची ती डोळे उघडे ठेवून.

सही करण्याआधी नेमणूकपत्रात दोन गोष्टी शोध. बाहेरचं काम करायला बंदी आहे का, आणि नोटीस किती दिवसांची. बंदी असेल तर एचआरला मेलवर विचार, ‘कंपनीच्या कामाशी संबंध नसलेलं संकलन सुट्टीच्या दिवशी केलं तर चालेल का?’ होकार आला तर तो मेल जपून ठेव. नकार आला तरी निदान कळेल. नोटीस तीन महिन्यांची असेल तर एका महिन्यावर आणायला सांग. एडिटचं चांगलं काम तीन महिने तुझी वाट बघणार नाही. मग सरांना आणि आणखी एखाद्या एडिटरला, ज्याला तुझं काम माहीत आहे, सांगून ठेव: शनिवार-रविवारी मोकळी आहे, रोख किंवा आठ दिवसांत पैसे, दर २२००. हो, दर वाढवायचा. आता तुझं घर त्यावर चालणार नाही, म्हणून आता वाढवता येईल.

नोकरी किती दिवस? वर्षांत मोजू नकोस, पैशांत मोज. आधी गंठण सोडव. मग घरात तू जो वाटा देतेस, समजा १५ हजार, तो चार महिन्यांचा बाजूला टाक. चार महिने एवढ्यासाठी की नव्वद दिवसांचे पैसे आणि वर एखादा महिना ‘चॅनेलकडून आले नाहीत’चा. हे झाले ६० हजार. तेवढे साठले की परत विचार कर, हवं तर फ्रीलान्सला ये.

हा ६० हजारांचा आकडा जरा नीट बघ. तुझे अडकलेत ६४,८००. तुला थांबायला जे भांडवल लागतं, ते तू कमावलेलंच आहेस. फक्त ते दुसऱ्याच्या खात्यात पडून आहे. तेव्हा आता वसुलीचं बोलू.

फोन बंद कर. फोनचा पुरावा राहत नाही, आणि दर फोनला तू थोडी आणखी लाचार वाटतेस. मेल कर, आणि पहिल्या मेलमध्ये पैसे मागूच नकोस. एवढंच लिही: ‘अमुक मालिका, भाग अमुक ते अमुक, मार्च आणि एप्रिल मिळून ३६ दिवस, प्रतिदिन १,८०० रुपये, एकूण ६४,८००. बिल क्रमांक अमुक, तारीख अमुक. आमच्या नोंदी तपासायच्या आहेत, तरी ही रक्कम तुमच्या नोंदीप्रमाणे बरोबर असल्याचं कृपया कळवावं.’ अकाउंट्सवाला बहुतेक वेळा सवयीनं ‘ओके’ लिहून पाठवतो. त्या ‘ओके’ला मोल आहे, कारण रक्कम त्यानं मान्य केली. त्याच संध्याकाळी आयकराच्या संकेतस्थळावर जाऊन तुझ्या पॅनवरचं टीडीएसचं विवरण उघड, ज्याला आजवर सगळे २६एएस म्हणत आलेत. कंपन्या कधी कधी बिल खात्यात चढवतानाच टीडीएस भरून मोकळ्या होतात, पैसे मात्र देत नाहीत. त्या बिलाची नोंद तिथे दिसली, तर ‘तुमचं बिल आम्हाला मिळालंच नाही’ हे त्यांना म्हणता येणार नाही. पान डाउनलोड करून ठेव.

दुसऱ्या मेलमध्ये १५ दिवसांची मुदत दे. तिसरी पायरी वकिलाची नोटीस. इथे लोक गळून पडतात, कारण वकिलाची फी बिलाएवढी असेल अशी धास्ती वाटते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज कर. दावा दाखल करण्यापूर्वीच लोकअदालतीत समोरासमोर बसवून मिटवायचा मार्गही तिथेच आहे. पैशांच्या वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तू अजून आरामात मुदतीत आहेस. पण म्हणून आरामात बसू नकोस.

पुढच्या कामांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा व्यवसाय म्हणून सरकारी नोंदणी, करून ठेव. आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बनावट किंवा दलालाची समज. हे लोक टीडीएस कापताना तुला व्यावसायिक म्हणतात ना? मग व्यावसायिकाचे हक्कही घे. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या २००६च्या कायद्यात सूक्ष्म उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे आहेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. करारात ९० लिहिलं तरी कायदा ४५च मानतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाते. नोंदणी कामाच्या आधीची असेल तर बाजू भक्कम, म्हणून ती आजच कर. नोकरी लागायची वाट पाहू नकोस. पुढच्या बिलावर उद्यम क्रमांक ठळक छाप. काही अकाउंट्स खाती तो क्रमांक पाहूनच बिल वरच्या गठ्ठ्यात टाकतात, कारण अशा पुरवठादाराचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च देणाऱ्याला त्या वर्षी आयकरात वजा दाखवता येत नाही.

टीडीएस परत मिळतो हे तुला कोणी सांगितलंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते. तुझ्या उत्पन्नावर कर लागतच नाही, त्यामुळे कापलेली सगळी रक्कम विवरणपत्र भरलं की परत येते. वेळेत भरायला हवं, एवढंच. जुन्या वर्षांचं मिळवणं कठीण जातं.

आता तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य. मला तेच सगळ्यात जड वाटलं. स्टुडिओत तू घरचं सांगत नाहीस. कोणाला काय सांगायचं हा तुझा अधिकार आहे, आणि एडिटच्या खोलीत कोणी आपलं कुळ सांगत बसायची सक्ती नाही. पण या लपवण्याची किंमत तू रुपयांत मोजतेयस, ते बघ. सगळे सुट्टीला कुठे जाणार हे बोलत असतात, तू हसतेस. रात्री उशीर होतो, कोणी विचारतं ‘तू कशी जाणार?’, तू म्हणतेस ‘जाईन मी’. रिक्षाचे पैसे खिशातून. बिल थकतं, तेव्हा ‘मला आत्ता पैशांची गरज आहे’ हे वाक्य तोंडातून निघत नाही, कारण ते निघालं तर बाकीचं सगळं उघडं पडेल असं वाटतं. पैशांची गरज नाही असं दाखवणाऱ्या माणसानं पैसे मागायचे कसे? या धंद्याला असे न मागणारेच आवडतात. गरज न सांगता, व्यवहार म्हणून मागता येतं. ‘माझे पेमेंट टर्म्स १५ दिवस आहेत’ या वाक्यात पार्कसाइट कुठेच येत नाही. ‘दहानंतर थांबायचं असेल तर ड्रॉप लागेल’ हेही तसंच. रात्री बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि घरी पोचवायची सोय, ही जबाबदारी कायद्यानं कामावर ठेवणाऱ्यावर टाकलेली आहे. हे मागताना आवाज खाली घालू नकोस.

आजोबांचं तू एका ओळीत लिहिलंस, आणि मला वाटतं त्यांना तुझं काम घरात सगळ्यात लवकर समजलं असतं. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभा राहायचा. कायम कामगार गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. आत कोणाला घ्यायचं ते जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, ठरवायचा, आणि त्यासाठी तो काय काय घ्यायचा हे १९३१ च्या शाही कामगार आयोगाच्या अहवालातही नोंदलेलं आहे. तुझं गेट व्हॉट्सअॅपवर आहे आणि जॉबरला पोस्ट प्रोड्यूसर म्हणतात. बाबांना काम समजावताना व्हीएफएक्स आणि टाइमलाइन सांगू नकोस, हे सांग. त्यांचा ‘नोकरी घे’ हा धोशा कुठून येतो तेही मग तुला दिसेल. आपल्या बापाला गेटवरून परत येताना त्यांनी पाहिलं असणार.

फरक एवढाच की बदली कामगार गेटवर एकमेकांना रोज दिसायचे. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले, त्यात बदलीवाल्यांना कायम करा ही मागणीही होती. संपाचं काय झालं ते तुमच्या घराला मी सांगायला नको. पण तुमच्या स्टुडिओतल्या चार केबिनमधल्या चार असिस्टंटना एकमेकांचा दरही माहीत नसतो. तो विचार. १८०० सगळ्यांनाच आहे, की फक्त तुला? पश्चिम भारतातल्या सिनेकामगारांचा महासंघ १९५६ पासून आहे, संकलकांची संघटनाही त्यात आहे. प्रवेश फी जाचते हे खरं. पगार सुरू झाला की पहिल्या तीन-चार महिन्यांत ती भर. थकलेल्या पैशांसाठी एकट्या असिस्टंटचा मेल आणि संघटनेचं पत्र यांत किती अंतर आहे, हे निर्मात्याच्या उत्तराच्या वेगावरून कळतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत दृक्‌श्राव्य कामगारांशी लेखी करार करणं बंधनकारक आहे, आणि डिजिटल निर्मितीही त्यात येते. १९८१ चा जुना कायदा सिनेमापुरता होता. पण करार मागायला कोणीतरी एकत्र उभं राहिल्याशिवाय तो कागद अंधेरीपर्यंत पोचायचा नाही. फ्रान्समध्ये १२ महिन्यांत ५०७ तास काम दाखवलं की नाटक-सिनेमातल्या माणसाला रिकाम्या दिवसांचा भत्ता मिळतो. २००३ मध्ये सरकारनं त्याच्या अटी कडक केल्या, तर तिथल्या कलाकारांनी आणि तंत्रज्ञांनी असा संप केला की आविन्यों शहरातला नाट्यमहोत्सव रद्द झाला.

नोकरीचं होकारपत्र पाठवण्याआधी एक काम मात्र उरक. अडकलेल्या मालिकेच्या ज्या भागांवर तू काम केलंस, त्यांचे क्रमांक आणि प्रसारणाच्या तारखा लिहून काढ, आणि श्रेयनामावलीत तुझं नाव आलं असेल तर त्याचे स्क्रीनशॉट घे. जुने भाग ॲपवरून कधी काढून टाकतील सांगता येत नाही. वसुलीलाही ते लागतील आणि परत येशील तेव्हाही. बिलाच्या पहिल्या मेलचा मसुदा करून मला पाठवलास तर बघून देईन. मालिकेचं नाव खोडून पाठव.